रोमन सिनेटर सैनिक होता की राजकारणी? सिल्व्हानसच्या समाधीलेखावरून एक उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. टायबेरियस प्लॉटियस सिल्व्हानस एलियानस या रोमन माणसाने भूषवलेल्या पदांची यादी तुमच्या वाचनात आली. पुरोहित, टांकसाळीवरचा अधिकारी, क्वेस्टर (कनिष्ठ पदाधिकारी), लीजनचा (सैन्याच्या मोठ्या तुकडीचा) प्रमुख, शहराचा प्रेटर (न्यायदान करणारा वरिष्ठ पदाधिकारी), सम्राटाचा सोबती, कॉन्सल (सर्वोच्च वार्षिक पद), आशिया प्रांताचा (आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम भाग) राज्यपाल, डॅन्यूबकाठच्या मोएशियाचा राज्यपाल आणि शेवटी रोम शहराचा प्रमुख. तुम्ही विचारता की हा माणूस सैनिक म्हणायचा की राजकारणी, तो लढाई शिकला कधी, आणि डॅन्यूबपलीकडून १ लाखाहून अधिक माणसं आणून वसवणाऱ्या या सेनापतीचं नाव इतिहासाच्या पुस्तकांत का सापडत नाही.

मी बरीच वर्षं लॅटिन शिलालेख वाचतो आणि शिकवतो. हाच लेख सुरुवातीला विद्यार्थ्यांपुढे ठेवतो, कारण तो समजला की इतर शेकडो लेख आपोआप उलगडतात. अडचण यादीत नसते, आपण ज्या चौकटीतून ती वाचतो त्यात असते. आपल्याकडे खडकवासल्याहून बाहेर पडणारा अधिकारी वेगळा, स्पर्धा परीक्षा देऊन आलेला कलेक्टर वेगळा आणि निवडून आलेला मंत्री वेगळा. पहिल्या शतकातल्या रोममध्ये ही सगळी कामं सिनेटर वर्गातल्या, म्हणजे सिनेट या वरिष्ठ सभेत बसणाऱ्या घराण्यांतल्या, एकाच माणसाच्या वाट्याला येत. त्यामुळे ‘सैनिक की राजकारणी’ या प्रश्नाला तिथे उत्तरच नाही. त्याऐवजी प्रत्येक पदापाशी थांबून दोन गोष्टी विचाराव्यात: हे पद दिलं कोणी, आणि त्यामुळे हातात किती सैनिक आले? मी प्रत्येक लेख असाच वाचतो आणि सिल्व्हानसचाही तसाच वाचून दाखवतो.

रोमहून तिवोलीकडे जाताना आनिएने नदीवर पाँते लुकानो नावाचा जुना पूल आहे. त्याच्याजवळ प्लॉटियस घराण्याची गोल, बुरुजासारखी समाधी उभी आहे. ती मुळात मार्कस प्लॉटियस सिल्व्हानसची. तो इ.स.पू. २ मध्ये पहिला सम्राट ऑगस्टस याच्याबरोबर कॉन्सल होता आणि इलिरिकममधल्या (बाल्कनच्या पश्चिम भागातल्या) युद्धांबद्दल त्याला विजयाची सन्मानचिन्हं मिळाली होती. आपला सिल्व्हानस याच घराण्यातला, पण ‘एलियानस’ या जोडनावावरून तो जन्माने एलियस कुळातला असून इथे दत्तक आला असावा, असा बहुतेक अभ्यासकांचा कयास आहे. घराणं फार वजनदार होतं. पुढे सम्राट झालेल्या क्लॉडियसची पहिली बायको प्लॉटिया उर्गुलानिला याच मार्कसची मुलगी. इ.स. ४३ मध्ये ब्रिटनवर स्वारी करणारा ऑलस प्लॉटियससुद्धा प्लॉटियसच.

हे सांगतोय कारण यादीच्या पहिल्या दोन ओळी जन्मानेच लिहिल्या गेल्या होत्या. सिनेटमध्ये जाऊ पाहणाऱ्या तरुणाला आधी वीस कनिष्ठ पदांपैकी एक घ्यावं लागे. त्यातली टांकसाळीची तीन पदं सर्वांत मानाची आणि ती बहुधा बड्या घरच्या मुलांना मिळत. कैद्यांवर आणि फाशीवर देखरेख करणारी तीन पदंही त्याच विसात होती, ती कमी प्रतिष्ठेच्या मुलांकडे जात. सिल्व्हानस टांकसाळीवर होता. पुढे तो क्वेस्टर झाला, तोही खुद्द सम्राट टायबेरियसचा. दर वर्षीच्या वीस क्वेस्टरांपैकी मोजक्यांनाच सम्राटाच्या दिमतीला घेत आणि सम्राटाचे निरोप सिनेटमध्ये वाचून दाखवणं हे त्यांचं काम. म्हणजे पंचविशीच्या आसपास या मुलाला राजकारणाचा केंद्रबिंदू जवळून दिसत होता. सैनिक मात्र अजून एकही हाताखाली नव्हता. लीजनमधला तरुण ट्रिब्यून, म्हणजे कनिष्ठ अधिकारी, म्हणून त्याने काढलेल्या एखाद्या वर्षाचा उल्लेखही लेखात नाही.

आणि पुढचीच ओळ: जर्मनीतल्या पाचव्या लीजनचा प्रमुख. ऱ्हाईनकाठचं हे लीजन ‘अलाउदी’ या नावाने ओळखलं जाई. मोएशियात दुसरं एक पाचवं लीजन होतं, ‘मॅसेडोनिका’. दोन्हींची गल्लत करू नका, ते दुसरं पुढे येणारच आहे. लीजन म्हणजे सुमारे ५ हजार शिपाई. साम्राज्यात अशी पंचवीस-सव्वीस लीजनंच होती. त्यातलं एक प्रेटरसुद्धा न झालेल्या तरुणाकडे? नंतरच्या काळात लीजनची जबाबदारी साधारणपणे प्रेटरपदानंतरच देत. टायबेरियसच्या काळात तो शिरस्ता अजून पक्का झाला नव्हता, म्हणून इथे क्रम उलटा दिसतो. कुणाही सिनेटरच्या कारकिर्दीबद्दल ठाम बोलण्याआधी मी दशक विचारतो ते यासाठी. टायबेरियसच्या काळातली ओळ बऱ्याच नंतरच्या सम्राट ट्रेजनच्या काळातल्या नियमाने वाचली की हमखास चुकीचा निष्कर्ष निघतो.

आता लढाई शिकण्याचा मुद्दा. अशा तरुणाने एकट्याच्या डोक्याने ५ हजार माणसं चालवावीत अशी अपेक्षाच नव्हती. लीजनमध्ये साठेक सेंच्युरियन, म्हणजे छोट्या तुकड्यांचे प्रमुख, असत आणि त्यांतल्या कित्येकांची वीस-पंचवीस वर्षं छावणीत गेलेली असत. त्यांच्यातला सर्वांत वरिष्ठ, आणि त्याच्या जोडीला छावणीचा प्रीफेक्ट (व्यवस्थापक), हे दोघे तळ कुठे टाकायचा, कूच केव्हा करायचं, धान्य किती दिवस पुरेल हे कोळून प्यालेले असत. प्रमुखाने मोठ्या निर्णयाआधी त्यांना बोलावून सल्ला घ्यायचा, ही रीत होती. सिनेटरने आणायचं ते दुसरं काहीतरी: निर्णय घेण्याचा अधिकार, शिक्षा आणि बक्षीस देण्याची ताकद, आजूबाजूच्या राजांशी बरोबरीने बोलण्याची प्रतिष्ठा, आणि सम्राटाचा विश्वास. मला स्वतःला या चौथ्याचं वजन सर्वांत जास्त वाटतं. सैन्य हातात असलेला महत्त्वाकांक्षी माणूस हाच सम्राटाचा सर्वांत मोठा धोका होता. त्यामुळे नेमणूक करताना ‘हा किती चांगला लढतो’ याच्याआधी ‘हा माझ्यावर उलटेल का’ याचा विचार होई.

काही अभ्यासक म्हणतात की सिनेटरांमध्ये ‘खास लष्करी’ माणसांचा एक गट तयार होत होता आणि त्यांना ठरवून सीमेवर पाठवत. इतर अभ्यासकांना हे पटत नाही. एकाच माणसाने सलग सैन्यात घालवलेली वर्षं मोजली तर ती फार थोडी भरतात, असं त्यांचं म्हणणं. मी दुसऱ्या बाजूला झुकतो, आणि सिल्व्हानसच्या लेखामुळेच झुकतो. पाचव्या लीजनानंतर तो रोमला येऊन प्रेटर म्हणून न्यायदान करतो. इ.स. ४३ मध्ये क्लॉडियसबरोबर ब्रिटनला जातो, पण लेखात त्याचं वर्णन सम्राटाचा लेगेट (प्रतिनिधी) आणि सोबती असं आहे, कुठल्या तुकडीचा प्रमुख म्हणून नाही. क्लॉडियस त्या बेटावर अवघे सोळा दिवस होता. ४५ मध्ये सिल्व्हानस कॉन्सल होतो, त्यानंतर आठ-दहा वर्षांनी आशियाला जातो. आशिया हा श्रीमंत, सुसंस्कृत, सिनेटने चिठ्ठ्या टाकून वाटायचा प्रांत, तिथे एकही लीजन नव्हतं. म्हणजे ऱ्हाईन आणि डॅन्यूब यांच्या मध्ये त्याच्या आयुष्यातली वीसेक वर्षं अशी गेली, की त्यात कुठल्या सैन्याची सूत्रं त्याच्याकडे असल्याचं लेख सांगत नाही.

मग साधारण इ.स. ६० च्या सुमारास सम्राट नीरोने त्याला मोएशिया दिला. इथे लेखाचा सूरच बदलतो. आतापर्यंत एकेका पदाला दोन-तीन शब्द, आणि आता एकाच प्रांताला जवळजवळ अर्धा दगड. इथे सावकाश वाचायला हवं.

मोएशिया म्हणजे आजच्या सर्बिया आणि बल्गेरियातला डॅन्यूबच्या दक्षिणेचा पट्टा. पलीकडे डेशियन, सार्मेशियन, बास्टार्नी, रॉक्सोलानी हे लोक. लेखातला पहिला दावा तुम्ही उचललेला: नदीपलीकडच्या १ लाखाहून जास्त लोकांना बायकामुलांसह आणि त्यांच्या सरदार-राजांसह अलीकडे आणलं आणि करदाते केलं. आकडा अवास्तव वाटतो, पण अशा स्थलांतराला पूर्वीचा दाखला आहे. ऑगस्टसच्या काळात एलियस कॅटसने ५० हजार गेटी लोक नदीच्या या बाजूला आणून वसवल्याचं भूगोलकार स्ट्राबो लिहितो. हे एका झटक्यात घडलं असं लेख म्हणत नाही, आणि ती सगळी लढून जिंकलेली माणसं होती असंही म्हणत नाही. मला त्यात जमीन, कर आणि संरक्षण यांचा सौदा दिसतो. गवताळ प्रदेशातून पश्चिमेकडे सरकणाऱ्या टोळ्यांच्या दाबाखाली असलेली माणसं नदीच्या सुरक्षित बाजूला यायला तयार असणार, आणि ओस पडलेल्या सीमेवर कसणारे हात रोमला हवेच होते.

दुसरा दावा सार्मेशियनांच्या उठावाचा. तो सुरू होताच चेपला, आणि तेही ‘सैन्याचा मोठा भाग आर्मेनियाच्या मोहिमेवर पाठवलेला असताना’. हे वाक्य फार महत्त्वाचं आहे. पूर्वेकडे इराणमधल्या पार्थियन साम्राज्याशी संघर्ष चालला होता आणि ६२ मध्ये तिथला रोमन सेनापती सेसेनियस पीटस याच्या मदतीला मोएशियातून पाचवं मॅसेडोनिका नुकतंच रवाना झालं होतं. पीटसने आर्मेनियातल्या ऱ्हांडेयाला शरणागती पत्करली, ती कहाणी प्रसिद्ध आहे. त्याच वेळी डॅन्यूबवर त्याच लीजनाविना सीमा कोण सांभाळत होतं, हे मात्र या एका दगडामुळेच कळतं.

म्हणून त्याची पद्धतही तशीच. जे राजे रोमला अपरिचित किंवा शत्रू होते, त्यांना त्याने ‘आपण राखत असलेल्या तीरावर’ आणून रोमन ध्वजांपुढे झुकायला लावलं. बास्टार्नी आणि रॉक्सोलानी राजांची मुलं, तसेच डेशियन राजघराण्यातले आप्त कैदेतून किंवा शत्रूच्या तावडीतून सुटले होते, ते परत पाठवले. काहींकडून ओलीस घेतले. सिथियन राजाने क्रिमियातल्या खेर्सोनेसस शहराला वेढा घातला होता, तो उठवायला लावला. आणि त्या प्रांतातून मोठ्या प्रमाणावर गहू रोमला पाठवणारा तो पहिला. शिपाई कमी असताना सीमा कशी टिकवायची, याचं इतकं नेमकं वर्णन या काळातल्या फार थोड्या लेखांत मिळतं. कुणाच्या मुलाला परत द्यायचं, कुणाकडून ओलीस मागायचा, कुणाला समारंभाने नमवायचं, हे ज्याला कळतं तो माझ्या लेखी मोठा सेनापती. आणि हे त्याला ऱ्हाईनइतकंच टायबेरियसच्या दरबारात, प्रेटरच्या न्यायासनावर आणि आशियातल्या शहरांच्या तक्रारी ऐकताना समजलं असावं. ‘लढाई कधी शिकला’ याला माझं उत्तर हेच.

हे काम किती नाजूक होतं ते तो मोएशिया सोडून गेल्यावर दिसलं. इ.स. ६९ च्या आरंभी ९ हजार रॉक्सोलानी घोडेस्वार मोएशियात घुसले. तिसऱ्या गॅलिका लीजनने त्यांना चिखल-बर्फात गाठून कापून काढलं आणि तेव्हाचा सम्राट ऑथो याने राज्यपाल अपोनियस सॅटर्निनसला विजयी पुतळ्याचा मान दिला. वर्षभरात सार्मेशियन पुन्हा आले, आणि या वेळी राज्यपाल फॉन्टेयस अग्रिपा लढाईत मारला गेला.

आता मानाबद्दल. इ.स.पू. १९ नंतर सम्राटाच्या कुटुंबाबाहेरच्या कुठल्याही सेनापतीला रोमच्या रस्त्यांतून विजययात्रा काढता आली नाही. राज्यपाल सम्राटाच्या नावाने लढत, म्हणून विजयही सम्राटाचाच. त्यांना मिळत ती फक्त सन्मानचिन्हं: विजयी सेनापतीचा वेश, लॉरेलच्या पानांचा मुकुट, पुतळा. सिल्व्हानसला नीरोने तीही दिली नाहीत. याच नीरोने ६५ मध्ये आपल्याविरुद्धचा पिसोचा कट मोडून काढल्याबद्दल तशीच चिन्हं तिगेलिनस आणि कोकियस नेर्वा यांना दिली होती, हाच नेर्वा पुढे सम्राट झाला. शहरातल्या संशयितांची चौकशी करणाऱ्यांना विजयाचा मान, आणि डॅन्यूब सांभाळणाऱ्याला काही नाही.

पण मी याकडे निव्वळ अन्याय म्हणून पाहत नाही. ६७ मध्ये नीरोने आर्मेनियात नाव कमावलेल्या सेनापती कॉर्बुलोला ग्रीसमध्ये बोलावून आत्महत्या करायला लावली. ऱ्हाईनवरच्या दोन्ही सैन्यांचे प्रमुख असलेल्या स्क्रिबोनियस बंधूंचीही तीच गत केली. त्या काळात सेनापतीचं नाव फार गाजणं हाच मृत्यूचा सरळ रस्ता होता. सिल्व्हानसचं काम मोठ्या लढाईविना झालं, बातमी मोठी झाली नाही, तो जगला. त्याच्या लेखात टायबेरियस आहे, क्लॉडियस आहे, व्हेस्पेशियन आहे. ज्याने मोएशिया दिला त्या नीरोचं नाव मात्र कुठेही नाही. असे लेख वाचताना गाळलेल्या नावाकडे नेहमी लक्ष ठेवा.

मान दिला तो ६९ च्या यादवीनंतर सम्राट झालेल्या व्हेस्पेशियनने, आणि त्याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत. व्हेस्पेशियन लहान गावच्या, नव्या घराण्यातला माणूस होता. गादीवर बसल्यावर त्याला जुन्या घराण्यांचा आधार हवा होता. तो स्वतः ४३ मध्ये ब्रिटनमध्ये दुसऱ्या लीजनचा प्रमुख होता, म्हणजे सिल्व्हानसच्या त्याच मोहिमेत. आणि सगळ्यात जवळचा धागा म्हणजे व्हेस्पेशियनचा थोरला भाऊ फ्लेवियस सॅबिनस. त्याने सिल्व्हानसच्या आधी सात वर्षं मोएशिया सांभाळला आणि नंतर रोमचा शहरप्रमुख झाला. डॅन्यूबवर सैन्य कमी पडणं म्हणजे काय, हे व्हेस्पेशियनच्या घरात माहीत होतं. डिसेंबर ६९ मध्ये त्या यादवीत सॅबिनस कॅपिटॉल टेकडीवर वेढला गेला, पकडून मारला गेला, आणि ज्युपिटरचं मंदिर जळालं. २१ जून ७० रोजी ती जागा शुद्ध करून पुनर्बांधणी सुरू झाली, तेव्हा प्रेटर हेल्विडियस प्रिस्कसला पुरोहित म्हणून मंत्र सांगत होता तो आपला प्लॉटियस एलियानस. यादीतलं ते ‘पुरोहित’ पद किती राजकीय असू शकतं, ते इथे कळतं.

पुढे त्याला स्पेनला पाठवून लगेच परत बोलावलं आणि सॅबिनसचंच जुनं पद, रोमचं शहरप्रमुखपद, त्याला दिलं. सिनेटने विजयाची सन्मानचिन्हं दिली, तेही सम्राटाच्या प्रस्तावावरून. व्हेस्पेशियनच्या भाषणातला एक तुकडा दगडावर जसाच्या तसा कोरला आहे. त्याचा आशय असा: मोएशियाचा कारभार त्याने असा केला की हा मान माझ्या काळापर्यंत लांबायलाच नको होता, मात्र या विलंबामुळे तो त्याला शहरप्रमुख असताना, म्हणजे अधिक मोठ्या पदावर असताना मिळाला. नंतर ७४ मध्ये तो दुसऱ्यांदा कॉन्सल झाला. सम्राटाच्या नात्यागोत्याबाहेरच्या माणसाला दुसरं कॉन्सलपद फार क्वचित मिळे.

राहिला शेवटचा प्रश्न, पुस्तकांत तो का नाही. मुख्य आधार रोमन इतिहासकार टॅसिटसचा, आणि त्याच्या ग्रंथांतला इ.स. ३७ ते ४७ चा भाग हरवला आहे. त्यात ब्रिटनची स्वारी आणि सिल्व्हानसचं पहिलं कॉन्सलपद गेलं. ७० नंतरचा भागही हरवला आहे, त्यात शहरप्रमुखपद, सन्मान आणि दुसरं कॉन्सलपद गेलं. मोएशियाची वर्षं मात्र उपलब्ध भागात येतात, आणि तिथे टॅसिटसचं लक्ष आर्मेनिया, ब्रिटन आणि नीरोच्या दरबाराकडे आहे. मोठी लढाई नाही, पराभव नाही, त्यामुळे डॅन्यूब त्याच्या कथेत आलाच नाही. सेनापती अग्रिकोलाची ब्रिटनमधली कारकीर्द आपल्याला इतकी बारकाईने माहीत आहे ती टॅसिटस त्याचा जावई होता म्हणून. सिल्व्हानसला असा जावई नव्हता, त्याच्यासाठी फक्त समाधीचा दगड बोलतो. आणि समाधीलेख घरच्यांनी कोरवून घेतलेला असतो, हेही विसरू नका. त्यातल्या घटना मी मान्य करतो, कारण पाचव्या लीजनचं पूर्वेला जाणं आणि कॅपिटॉलचा समारंभ टॅसिटसकडूनही कळतो. विशेषणं आणि आकडे मात्र थोडा हात राखूनच घेतो.

एवढं लक्षात ठेवलं तरी पुढची यादी तुमची तुम्हाला वाचता येईल: आधी दशक ठरवा, मग प्रत्येक पद सिनेटकडून आलं की सम्राटाकडून ते पाहा, हाताखाली लीजन होतं की नव्हतं ते पाहा, मधल्या रिकाम्या वर्षांची खूण करा आणि कोणत्या सम्राटाचं नाव गाळलं आहे ते शोधा. सुरुवातीला त्याच समाधीवरचा थोरल्या मार्कस सिल्व्हानसचा लेख घ्या. तो खूपच छोटा आहे: कॉन्सलपद, एक पुरोहितपद, इलिरिकममधल्या कामगिरीबद्दल सिनेटने दिलेली विजयाची चिन्हं, सोबत बायको लार्शिया आणि वयाच्या नवव्या वर्षी गेलेला एक मुलगा. दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचा, आणि धाकट्याच्या लेखात मोएशियाला इतकी जागा का दिली असेल याबद्दल तुम्हाला काय वाटतं ते जरूर कळवा.